हळदीच्या गाण्यांसाठी आणलेला डबा

लेकीच्या हळदीला गाणी कोण म्हणणार, हा प्रश्न आमच्या घरात फक्त मला पडला होता. नवऱ्याला काळजी आचाऱ्याची आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठं लावायच्या याची. लेकीला काळजी फोटोंची. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. आमच्याकडं हळद दळताना गाणी म्हणतात. जात्याला हळकुंड बांधायचं, सवाशिणींनी खुंट्याला हात लावायचा, एकीनं ओळ घ्यायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणत झेलायची. त्या ओळींत घरातली सगळी माणसं येतात. मामा येतो, आत्या येते, रुसून बसलेली जाऊसुद्धा येते. ओळ घेणारी बाई ती तिथल्या तिथं जुळवते, म्हणून एका घरची गाणी दुसऱ्या घरात चालत नाहीत.

आमच्या घरात ओळ घ्यायची ती माझी थोरली बहीण, अक्का. माझ्या हळदीला तिनं सकाळी जी सुरुवात केली ती जेवणाची पानं मांडेपर्यंत थांबली नाही, आणि निम्म्या ओळींत तिनं मला चिडवलं होतं. मी लग्न होऊन दापोडीच्या भाड्याच्या खोलीत आले, मग पुनावळ्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये. पण कुठंही कुणाच्या हळदीला गेले की माझा कान अक्काला शोधायचा. लेकीचं लग्न ठरल्यावर मी सोनं, साड्या यांच्याआधी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘मी आठ दिस आधीच येते.’ आणि मग ती अंगणात घसरली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलं.

‘मग गाणी कोन म्हणणार गं?’ तिनं अंथरुणावरून फोनवर विचारलं.

‘हायेत की इथं बायका. तू निवांत पड,’ मी म्हणाले.

बायका होत्याच, पण कुणी कोकणातली, कुणी साताऱ्याकडची, कुणी खानदेशातली. आमची गाणी त्यांना येणार कुठून? तळवड्याला आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं यावर उपाय काढला. ‘आई, हळदीची गाणी मोबाइलवर ढीगभर आहेत. फोनला जोडायचा छोटासा म्युझिक प्लेअर घेऊ. मंगलाष्टकांनाही होईल, गृहप्रवेशालाही होईल.’

म्हणून एका रविवारी आम्ही दोघी चिंचवडच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी कमरेएवढा काळा खोका पुढं ढकलला. त्यात लाल, निळे, हिरवे दिवे पळत होते. ‘काकू, नाचायला एकदम कडक आहे. मिरवणुकीतसुद्धा ऐकू जाईल.’

‘मला मिरवणूक काढायची नाही,’ मी म्हणाले. ‘पाटाशेजारी शोभेल असं दाखवा. आणि बटणं कमी असू द्या.’

मग त्यानं काय काय काढलं. एक नारळाएवढा गोल होता, तो पाटावरून गडगडत गेला असता. एकाला इतकी बटणं होती की तो चालवायला वेगळा माणूस ठेवावा लागला असता. शेवटी लेकीनं वरच्या फळीवरचा एक मागितला. बिस्किटाच्या रंगाचा, पुढून जाड कापड लावलेला, उचलायला लाकडी मूठ आणि वर एकच मोठं फिरवायचं बटण. दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू. फोटोत आला तरी डोळ्याला खुपू नये असा. दुकानदारानं त्यावर हळदीचं गाणं लावून दाखवलं. गाणारणींचा आवाज गोड होता, मागं ढोलकी होती, बासरी होती. मी ऐकत उभी राहिले. गाण्यात मामा होता, पण तो कुणाचाच मामा नव्हता. जातं ओढताना अक्काला जो दम लागायचा, तो यांच्यापैकी एकीलाही लागत नव्हता.

‘आवडला नाही का?’ लेकीनं विचारलं.

‘छान आहे. हाच घे,’ मी म्हणाले. मला अक्का हवी होती, आणि ती त्या दुकानात मिळणार नव्हती.

हळदीच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये झेंडूच्या माळा लागल्या. सजावटवाल्यांनी रंगवलेलं जातं आणून ठेवलं. ते पंगतीतल्या वाटीएवढं असेल, दळण नावापुरतंच. लेकीचे हात हळदीनं भरलेले, म्हणून त्या गाण्याच्या डब्याला माझा फोन जोडला होता. नवरा चाकणच्या कंपनीतल्या सोबत्यांची सरबराई करत होता. गाणी सुरू होती आणि सवाशिणी पिवळ्या साड्या सावरत फोटो काढून घेत होत्या. गाण्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

तेवढ्यात गाणं मधेच तुटलं आणि माझा फोन वाजला. अक्काचा होता. मी उचलून कानाला लावला, तर कानात काहीच नाही, आणि पाटाशेजारच्या डब्यातून अख्ख्या हॉलला ऐकू आलं, ‘अगं बारके, कानात बोळे घातलेस का? हळद लागली का न्हाई?’

सगळ्या बायका हसल्या. मी फोन उलटा धरला, सुलटा धरला, बटण फिरवलं, तर अक्का आणखी मोठ्यानं बोलायला लागली. लेक म्हणाली, ‘राहू दे आई, तिला असंच बोलू दे.’

‘लागायलीय अक्का, आत्ताच बसवलंय,’ मी डब्याकडं वाकून म्हणाले.

‘मग गाणी का ऐकू येईनात? एक ओळ घेते, झेला.’ आणि तिनं ओळ घेतली.

पुनावळ्याच्या गं मांडवात, हळद दळिती मायलेकी.

आवाज जरा खरखरीत झाला होता, पण दम लागायची जागा तीच. मी खाली बसले, त्या वाटीएवढ्या जात्याचा खुंटा धरला आणि ओळ झेलली. बाकीच्या कौतुकानं बघत होत्या, शब्द माहीत नसल्यानं गप्प होत्या. अक्कानं मामाला आणलं, आत्याला आणलं, चाकणच्या कंपनीतून रजा काढून आलेल्या बापाला आणलं, जावयाची टिंगल केली. प्रत्येक ओळ मी एकटीनं झेलली. हॉलला खाली फरशी, वर स्लॅब, माझा एकटीचा आवाज चहूबाजूंनी घुमून दहाजणींचा वाटत होता.

एका ओळीनंतर अक्का थांबली. ‘लई जणी हायेत की गं तिकडं. झाक म्हणायलेत. माझ्यावाचून काय अडलं न्हाई म्हण की.’

ती हसत म्हणाली, पण तिचं ते हसणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. हो म्हणाले असते तर ती निवांत झाली असती, आणि आतून कायमची तुटली असती.

‘अडलं, अक्का,’ मी म्हणाले. ‘इथं कुनी म्हणंना. दुकानातनं गाण्याचा डबा आणलाय नुसता. मी एकटीच हाय. मला तू पाहिजे होतीस.’

हॉलमधल्या बायका जवळ सरकल्या.

‘मग गाणं म्हणायला मला आधीच का फोन केला न्हाईस?’ अक्का म्हणाली. ‘खुबा मोडलाय माझा, तोंड न्हाई. गाणाऱ्या बायका दुकानातनं आणल्यास, आन् मला इथं भिताडाकडं बघत ठिवलीस.’

ती दुखण्यात आहे, तिला कशाला त्रास, एवढाच विचार मी केला होता. तिलाही माझी ओळ ऐकायची असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लेकीनं पिवळ्या हातानं माझा दंड धरला आणि डब्याकडं तोंड करून म्हणाली, ‘मावशी, अजून म्हण ना.’

‘नवरीला न्हाऊ घालायची येळ झाली आसंल.’

‘होऊ दे उशीर.’

अक्कानं पुढची ओळ घेतली. मला हुंदका आवरेना, ओळ माझ्या हातून निसटली. पलीकडं ती थांबून राहिली.

‘झेल की गं,’ ती म्हणाली. ‘मी हाय.’