घानाची निवडणूक आणि माझा गणपती

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मध्ये थांबवलेलं मला चालत नाही. एका अख्ख्या देशाच्या निवडणुकीत मी माती खाल्ली आहे. तीही इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत बसून!

कोविडचं पहिलं वर्ष. मी इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर आणि क्वामे माझ्याच शिफ्टला. क्वामे मूळचा घानाचा. त्याची धाकटी बहीण अबेना तिकडे खासदारकीला उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा. राष्ट्राध्यक्ष आणि खासदार, दोघांचं मतदान एकाच दिवशी. बॉर्डर बंद, त्यामुळे क्वामेला जाता येईना. बिचारा डबा उघडून नुसता बघत बसायचा.

"मेट, मला समजावून सांग. पॉलिटिक्स आमच्या रक्तात आहे," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. मोठे पक्ष दोनच. एक सत्तेत, एक विरोधात, आणि अबेना विरोधी पक्षाची. बास! एवढ्या भांडवलावर मी घरी येऊन बायकोला, मेधाला, तासभर घानाचं राजकारण शिकवलं.

"पण त्यांच्या निशाण्या काय आहेत रे?" मेधाने विचारलं.

"निशाणीला कोण विचारतं? मुद्दे बघ, मुद्दे!"

मतदानाच्या दिवशी आर्वोला, म्हणजे इथल्या दुपारी, क्वामेने आम्हाला घरी बोलावलं. तिकडे तेव्हा सकाळ. मत द्यायला निघण्याआधी सगळं घर व्हिडिओ कॉलवर येणार होतं. आता अशा शुभकार्याला मराठी माणूस रिकाम्या हाताने जाईल का? मी पितळेचा छान वीतभर गणपती घेतला.

हॉलमध्ये शिरतो तर टीव्हीसमोर ही मोठी उघडी छत्री! डिसेंबरच्या उन्हात, घरात छत्री? आणि तीही आजच्या दिवशी? अपशकुन! मी पटकन मिटली आणि सोफ्यामागे टाकली. तिच्या जागी बाप्पा ठेवला. टीव्हीवर कॉल सुरू झालाय, हे मला काय माहीत?

मागे वळलो तर स्क्रीनवर क्वामेची आई, काका, मावश्या, मधोमध अबेना. सगळ्यांचे डोळे विस्फारलेले. मला वाटलं, भारावले.

"आंटी, नो वरीज!" मी दणक्यात म्हटलं. "हा आमचा एलिफंट गॉड. आज विजय याचाच!"

पलीकडे एक मावशी मटकन खाली बसली. क्वामे किचनमधून धावत आला.

"मेट, ती छत्री... ती आमच्या पक्षाची निशाणी आहे."

"आणि हत्ती?" मेधाने विचारलं. माझी हिंमतच नव्हती.

"समोरच्यांची."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं हो! मी घाईघाईने छत्री काढून उघडली, तर एक काडी मोडून लोंबायला लागली. सगळ्या घानासमोर!

पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या पोरीची वर्षभराची पायपीट माझ्यामुळे वाया गेली तर?

तिसऱ्या दिवशी क्वामे शिफ्टवर आला तोच मिठी मारायला. कोविड गेला उडत! "अबेना जिंकली!"

मी लगेच ताठ. "बघ! बाप्पा पक्ष बघत नाही."

"हो, पण राष्ट्राध्यक्ष हत्तीवाल्यांचाच झाला. आई म्हणते, मुलगी आम्ही निवडून आणली, देश तुझ्या मित्राने घालवला."

कॉलेजात मी तीन निवडणुकांचा प्रचार केला, तिन्ही वेळा आमचा माणूस आपटला. माझ्या प्रचाराने आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी निवडून आलं, तेही थेट राष्ट्राध्यक्ष, आणि तो समोरच्या पार्टीचा!