रेघ पडलेलं पुस्तक

टोबायस यांत्झीने फ्रेनीला लग्नाचं विचारलं तेव्हा तो प्रश्न पुरा व्हायला इतका वेळ लागला, की शेवटी तिनेच मधे तोडून सांगितलं, "हो म्हणते रे बाबा, पण आता सोड मला, गाई खोळंबल्यात." मिल्व्हर्टन गावाच्या आसपास आम्हा जुन्या वळणाच्या अॅमिश ख्रिस्ती लोकांचं एकही घर नसेल जिथे ही गोष्ट ठाऊक नाही. सांगत सुटणारी पहिली फ्रेनीच.

टोबायस चार वर्षांचा असल्यापासून बोलताना अडखळतो. धंदा घोड्यांच्या साजाचा. लगाम, पट्टे, गळपट्टे, सगळं हाताने शिवणार. घोड्यांशी बोलताना त्याची जीभ कधी अडली नाही. अडायची ती माणसांपुढे, आणि दोनाची चार माणसं झाली की मग विचारूच नका. गिऱ्हाइकांशी तो अर्धं काम मानेने भागवायचा. हात मात्र असे, की त्याने घातलेला टाका घोडा म्हातारा झाला तरी उसवायचा नाही. म्हणून आमच्या मंडळीची, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या घरांची, गाण्यांची फाटकी पुस्तकं हिवाळ्यात त्याच्याकडे बांधायला गेली. आठ पुस्तकं त्याने काळ्या चामड्यात बांधली, वरून मेण घासून अशी चकाकवली की एक झाकावं आणि दुसरं काढावं. मे महिन्यातल्या एका शनिवारी ती खोक्यात भरून त्याने मंडळीचे प्रमुख, बिशप एनोस क्युप्फर यांच्या घरी पोचवली. आमच्यात उपासना पाळीपाळीने घरोघरी होते, त्या रविवारी तिथेच होती.

आणि हा रविवार साधासुधा नव्हता. आमचा एक उपदेशक मार्चमध्ये वारला होता, त्याच्या जागी दुसरा निवडायचा होता. आमच्यात उपदेशक शिकून होत नाही, पगारावर ठेवत नाहीत, आणि मला करा म्हणून कोणी पुढेही येत नाही. मंडळीतला एकेक जण दाराशी जाऊन बिशपांच्या कानात एक नाव सांगतो. ज्याला तीन जणांनी सुचवलं त्याचं नाव चिठ्ठीला लागतं. मग मेजावर पुस्तकं मांडतात, एकात चिठ्ठी असते, आणि ते पुस्तक ज्याच्या हाती येईल तो मरेपर्यंत उपदेशक. शेती सांभाळून, दुकान सांभाळून, समोर कागद न ठेवता तासभर बोलायचं. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक पुरुष सगळ्यांदेखत शब्द देतो, की चिठ्ठी माझ्यावर निघाली तर देवाने बोलावलं असं समजून मी उभा राहीन. टोबायसनेही एकोणिसाव्या वर्षी दिला होता. तिथे नुसतं "हो" म्हणायचं असतं, तेवढं त्याला जमलं.

यंदा लेव्हीच, असं सगळे धरून चालले होते. लेव्ही म्हणजे फ्रेनीचा सख्खा भाऊ. काय बोलतो हो हा माणूस, रस्त्यात भेटला तर तुमचं काम तुम्ही विसराल. दुपारी घेवड्याचं सूप आणि बिटाचं लोणचं पुढ्यात असताना त्याने मेव्हण्याची खेचली, "टोबायस, तुझं नाव निघालं तर तुझा उपदेश संपेस्तोवर पुढचा रविवार उजाडेल."

"त-तुझं निघालं तरी त-तेच होणार," टोबायस म्हणाला. बाकावरचे सगळे खो खो हसले, लेव्ही तर सूप सांडेपर्यंत हसला.

जेवणानंतर एकेकाने दाराशी जाऊन नाव सांगितलं, आणि मग बिशपांनी नावं वाचली. वयाप्रमाणे पाच जण. अॅमन, ओझियास, आणि तिसरं नाव टोबायस यांत्झी. टोबायसला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं, तर फ्रेनीने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. आमच्यात या वेळी बायका रडतात. नवऱ्याचं उरलेलं आयुष्य आता निम्मंच आपलं, हे त्यांना कळतं. टोबायसनंतर लेव्ही, आणि सगळ्यात धाकटा ऑर्लन. पाचही जण मेजाशी ओळीने बसले.

बिशप आणि त्यांचे मदतनीस आतल्या खोलीतून पाच पुस्तकं घेऊन आले, प्रत्येकाला आडवा दोरा बांधलेला. "मुद्दाम नवी बांधलेली घेतलीत," बिशप म्हणाले, "म्हणजे एकापासून दुसरं वेगळं ओळखू येणार नाही." मेजावर त्यांनी पुस्तकांची अदलाबदल केली, मग सगळ्या मंडळीने गुडघे टेकले. टोबायसची प्रार्थना एवढीच होती, देवा, मी नको. लाज वाटत होती, पण दुसरं काही सुचेचना.

अॅमनने कडेचं पुस्तक उचललं. ओझियासने डोळे मिटून हाताला लागेल ते घेतलं. टोबायसने हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला.

तीन पुस्तकं उरली होती. मधल्याच्या पाठीलगत एक बारीक पांढरी रेघ होती. दुसऱ्या कोणाला ती दिसलीसुद्धा नसती. मेण घासलेलं चामडं पहिल्यांदा दुमडलं की अशी रेघ उठते, आणि खोकं दिलं तेव्हा आठांतलं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. मग हे एकच कोणी उघडलं, आणि कशासाठी? चिठ्ठी तिथेच होती.

सुटलो. उजवीकडचं उचलायचं, झालं. मधलं लेव्हीच्या पुढ्यातच होतं, तो तेच उचलणार, आणि त्यात वाईट काय? मंडळीला चांगला बोलणारा मिळेल. लोकांनाही तोच हवा होता.

पण हात हलेना. ठाऊक असून टाळलं, तर ही देवाची निवड कुठली, ही तर माझीच. बरं, मोठा शहाणा होऊन मधलं उचललं, तरी ती माझीच. कुठलंही घेतलं तरी देवाला बाजूला सारून टोबायस यांत्झीच निवडणार होता. एकोणिसाव्या वर्षी दिलेला शब्द असा नव्हता. वाट एकच उरली होती, आणि नेमकी ती जन्मभर त्याने चुकवली होती. शंभरावर माणसांपुढे तोंड उघडायचं.

त्याने हात मागे घेतला. "ए-ए-एनोस," तो बिशपांकडे बघून म्हणाला.

"म-म-म..." पुढे काही येईना. कान तापले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. लेव्हीला बघवेना. तो म्हणाला, "त्याला बरं वाटत नाहीये बहुतेक."

"तू थांब," बिशप म्हणाले. "त्याचं त्याला बोलू दे. आम्हाला घाई नाही."

"म-मला क-कळतंय, च-च-चिठ्ठी कुठे आहे ते."

बाकांवर कुजबुज उठली. टोबायसने सगळं सांगितलं, मेण, चामडं, रेघ, एकेका शब्दाशी झगडत. तेवढ्या वेळात एखाद्याने घोडा जुंपून गाडी दाराशी आणली असती. बोलताना त्याने एकदाही मान खाली घातली नाही. बिशपांनी पुस्तक उजेडात धरलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि ते कानापर्यंत लाल झाले.

"म्हणजे ओळखू येऊ नयेत म्हणून आम्ही नवी घेतली," ते म्हणाले, "आणि ज्याने बांधली त्यालाच मेजाशी बसवलं. शाबास आमची." पुरुषांच्या बाकांवर हशा पिकला, बायकांतही डोळे पुसता पुसता कोणी हसलं.

पाचही पुस्तकं परत आतल्या खोलीत गेली. या वेळी मदतनिसांनी वापरातली जुनी घेतली, पानं मुडपलेली, पाठी उसवलेली, शेकडो वेळा उघडलेली. दोरे बांधून पुन्हा मांडली. पहिल्यापासून सुरुवात. अॅमनने घेतलं, ओझियासने घेतलं.

टोबायसला नवल वाटत होतं. भीती होतीच, पण मघाचं ते ओझं कुठे गेलं कोणास ठाऊक. शर्यतीला सुटण्याआधी घोडा थरथरतो तसं त्याला झालं होतं. आता त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि काही माहीत नसणं इतकं सुखाचं असतं हे त्याला आजच कळलं. त्याने जवळचं पुस्तक उचललं. लेव्हीने घेतलं. उरलेलं ऑर्लनने.

बिशप ओळीने पुस्तकं उघडत आले. अॅमनचा दोरा सोडला, पानं चाळली, पुस्तक परत दिलं. ओझियासचंही तसंच. मग त्यांनी टोबायसच्या हातातलं घेतलं. दोऱ्याची गाठ पक्की होती, म्हाताऱ्या बोटांना सुटेना. ती सुटली, त्यांनी पुस्तक उघडलं, आणि पुढचं पान उलटलंच नाही.

फ्रेनीचा हुंदका साऱ्या खोलीला ऐकू गेला. लेव्हीने मेजाखाली टोबायसचा गुडघा घट्ट धरला.

"मघाचं पुस्तक माझ्या पुढ्यात होतं," तो कसाबसा पुटपुटला. "तू नुसता गप्प बसला असतास ना, तर..."

"ह-हो," टोबायस म्हणाला. "म-माहीत होतं."

"टोबायस," बिशप म्हणाले, "उभा राहा."

दोन आठवड्यांनी याच लोकांपुढे त्याला पहिला उपदेश करायचा होता. जीभ तीच होती. टोबायस उभा राहिला.