ब्लाऊजवाल्यांची ट्रिप

टेलरच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. एक चिंध्यांचा, दुसरा किश्श्यांचा. चिंध्या निदान दर शनिवारी पोत्यात भरून जातात. किस्से मात्र माझ्याकडेच साचलेत, कारण कोणी ऐकणारं दिसलं की बाकी तिघं मशीनमागं लपतात आणि मला पुढं करतात.

आमचं दुकान बनशंकरीत. ब्लाऊज स्पेशालिस्ट! मालकीण वत्सलक्का. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळूरमध्ये, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' येतं. कटिंग मास्टर मारुतीअण्णा, दुकान सुरू झालं त्या दिवसापासून कटिंगच्या टेबलापाशी उभे; कापलेलं मशीनवर शिवतातही तेच. हातकामाला निपाणीची गिरिजा. आणि काउंटरवर मी. नवऱ्याच्या नोकरीमुळं पुण्याहून आले, आठ महिने घरात बसून भिंतींशी बोलले आणि एकदा ब्लाऊज शिवायला टाकायला गेले ती दुकानातच राहिले! तिथं सगळे मला 'पुणेबाई' म्हणतात.

आषाढात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून दरवर्षी तेव्हा एक शनिवार-रविवार अक्का आम्हाला ट्रिपला नेतात. प्लॅन कटिंगच्या टेबलावरच होतो. खाकी कागदाच्या तीन कळ्या कापायच्या, परकराच्या असतात तशा. एका कळीवर खाणं, दुसरीवर कला, तिसरीवर काहीतरी पुरातन. तिन्ही कळ्या खडूनं भरल्या की ट्रिप पक्की.

*

माझी पहिली ट्रिप म्हैसूरची. वेळापत्रक अण्णांनी केलं. बघते तर प्रत्येक दोन गोष्टींच्या मध्ये दीड तास मोकळा!

"अण्णा, हे काय?"

"मार्जिन. कापडात सोडतो की नाही? वेळेत सोडलं नाही तर पुढं सैल कशी करणार?"

झालं असं, की त्या दिवशी ट्रेन वेळेवर पोचली, रिक्षा लगेच मिळाली, डोशाला रांग नव्हती. सगळं मार्जिन शिल्लक! आणि मोकळ्या वेळात चार माणसं काय करणार? पुढच्या हॉटेलात जाऊन पुन्हा डोसा. दुपारपर्यंत तीन हॉटेलं झाली.

गिरिजा खुर्चीवरून उठता उठता म्हणाली, "अण्णा, पुढच्या वेळी मार्जिन वेळेत नको, माझ्या ब्लाऊजात सोडा!"

*

त्याच ट्रिपमध्ये 'कला'वाली कळी होती जुन्या चित्रांची गॅलरी. एका मोठ्या चित्रातली बाई दिवा घेऊन उभी. आमची तिघं तिच्यापुढं दहा मिनिटं हलली नाहीत. गॅलरीचा गार्ड एकदम इम्प्रेस! जवळ येऊन कन्नडमध्ये म्हणाला, "चित्रातलं कळणारे लोक हल्ली येतच नाहीत मॅडम."

अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "बाही बसली नाही तिची. काखेत घडी पडतेय बघा."

गार्डनं चित्र बघितलं. मग स्वतःच्या युनिफॉर्मची बाही बघितली. मग हळूच हात वर करून दाखवला. "मॅडम, माझ्याही पडते."

अक्कांनी पर्समधून टेप काढली आणि तिथंच, राजेरजवाड्यांच्या साक्षीनं, त्याचं माप घेतलं. त्याच्या मापाचा कागद अजून आमच्या वहीत आहे. नावाच्या जागी 'म्हैसूर गार्ड'.

*

त्यानंतरच्या वर्षी बेलूरचं जुनं देऊळ बघायला आम्ही गाडी करून गेलो. गाइड पुराणातल्या कथा सांगत होता आणि गिरिजा एका दगडी सुंदरीच्या मागं जाऊन तिच्या पाठीवरच्या दागिन्याचं चित्र वहीत काढत होती. मोत्यांचे सात सर आणि मधे गोंडा. दिवाळीनंतर तिनं तेच डिझाइन एका नवरीच्या ब्लाऊजच्या पाठीवर भरलं.

नवरी व्हाइटफील्डच्या मोठ्या कंपनीतली. आरशात पाठ बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "आंटी, तुमचा डिझायनर कोण? मला त्याचा नंबर हवा."

अक्का म्हणाल्या, "नंबर नाही गं. नऊशे वर्षं झाली त्याला."

*

बेलूरचीच अजून एक गोष्ट आहे, तेव्हा आम्ही हसलो होतो ती.

अण्णा कोरीवकामावरून हात फिरवत होते. तिथला माणूस ओरडला, "हात लावू नका!" अण्णा म्हणाले, "कापड हातानंच कळतं मला." आम्ही सगळे हसलो. मी तर फोटोही काढला.

परत आल्यावर एक दिवस गिरिजानं मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. अण्णांनी शिवलेला अक्कांचा मोरपंखी ब्लाऊज उलटा करून दाखवला. शिलाई सरळ निघून मध्येच भरकटलेली. तेव्हा कळलं, अण्णा सहाला घरी गेले की गिरिजा रोज त्यांचं काम उसवून पुन्हा शिवत होती. कितीतरी महिने! अक्कांनी तिला एकच गोष्ट बजावली होती, "अण्णांना कळता कामा नये."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं आणि अण्णा तयार नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा फार पूर्वी ऑपरेशननंतरच गेला होता. अक्कांनी विषय काढला की म्हणायचे, "आता आहे ते अर्धं तरी आहे. तेही गेलं तर मी टेबलापाशी उभा राहून काय करू? लोकांच्या चपला सांभाळू?"

अक्का मग पुढचं कापड त्यांच्यापुढं ठेवायच्या.

*

पुढच्या आषाढात अण्णांनी ट्रिपला सरळ नकार दिला. "काय बघायचंय? सगळीकडं दगडच."

अक्का म्हणाल्या, "सरी. मग लांब नको. बंगळूरचीच ट्रिप करू."

आपल्याच गावात! त्यांनी गांधी बाजारजवळच्या लॉजमध्ये खोल्यासुद्धा बुक केल्या. दुकानापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. मॅनेजरनं चौघांची आधार कार्डं बघितली. बनशंकरी, बनशंकरी, बनशंकरी, बनशंकरी. त्यानं चष्मा खाली करून अक्कांना हळू आवाजात विचारलं, "घरी काही भांडण झालंय का अम्मा?"

"भांडण कशाला? सकाळची कॉफी दुसऱ्यानं करून हातात द्यावी म्हणून आलोय!"

मॅनेजर बिचारा दोन्ही दिवस स्वतः कॉफी घेऊन आमच्या दारात.

*

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही गवीपुरमच्या गुहेतल्या देवळात गेलो. आत एक बुटका, वाकून जायचा बोळ आहे. अण्णांनी माझ्या पिशवीचा बंद धरला. म्हणाले, "गर्दी फार आहे, पुणेबाई." बोळात आमच्याशिवाय कोणीही नव्हतं. मी म्हटलं, "हो अण्णा, धरून ठेवा."

रविवारी सकाळी टिफिनला, म्हणजे इथल्या भाषेत नाश्त्याला, गेलो. इडली, सांबाराची वाटी आणि शेजारी कॉफीचा पेला. अण्णांनी इडलीचा तुकडा मोडला आणि बुडवला तो थेट कॉफीत. तोंडात घातला. अण्णा चावायचे थांबले, मग पुन्हा चावू लागले, गिळलं आणि म्हणाले,

"सांबार स्वल्प गोड आहे."

कोणी हसलं नाही. मला तर मान वर करवेना. तेवढ्यात गिरिजानं आपल्या इडलीचा तुकडा मोडला, आपल्या कॉफीत बुडवला आणि खाल्ला. "होय की अण्णा, गोडच आहे." मग अक्कांनी बुडवला. मग मी. खरं सांगते, इतकी वाईट चव मी जन्मात घेतली नव्हती आणि त्या टेबलावर बसायला मिळालं म्हणून इतकं धन्यही कधी वाटलं नव्हतं. पुण्याहून आले तेव्हा या शहरात माझं कोणी नव्हतं, हे त्या क्षणी मला आठवूनही खरं वाटेना.

अण्णा बराच वेळ आमच्या पेल्यांकडं बघत होते. किती दिसत होतं कोण जाणे.

मग म्हणाले, "अक्का, त्या डॉक्टरला फोन लावा."

*

आधी उजवा डोळा झाला, महिन्याभरानं डावा. दोन्ही वेळा आम्ही दुकानाला कुलूप लावून हॉस्पिटलच्या बाकावर बसलो. गिऱ्हाइकांचे फोन येत होते आणि अक्का सगळ्यांना एकच सांगत होत्या, "मास्टर रजेवर आहेत, तुमचा ब्लाऊज थांबेल."

अण्णा परत कामावर आले त्या दिवशी त्यांनी एकही ब्लाऊज कापला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुया ओवत बसले. दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या! पुढं आठवडाभर जी सुई उचलावी तिच्यात दोरा.

*

यंदाच्या प्लॅनला अण्णांनी तिन्ही कळ्या स्वतः भरल्या. तंजावर! खाणं, चित्रं आणि मोठं देऊळ, सगळं एका गावात.

जाताना ट्रेनच्या खिडकीतून त्यांनी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली. स्टेशनांची नावं, सिमेंटच्या जाहिराती, 'थुंकू नका', काहीही! समोरचे प्रवासी वैतागले. अक्का त्यांना म्हणाल्या, "स्वल्प सहन करा. नवीन आहे."

मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरलेला लांबलचक लेख आहे. अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले आणि एकेक अक्षर लावून वाचायला लागले. जुनी भाषा, निम्मं आम्हाला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसणार. पण अर्धा तास त्यांचा आवाज चालू होता. तमिळ मंडळी थांबून ऐकत होती. गिरिजा पदरानं डोळे पुसत होती आणि मी तिच्याच पदरानं माझे.

वाचून झालं तसे आम्ही पुढं निघालो. अक्का सगळ्यांच्या पुढं. त्यांनी त्या दिवशी तोच मोरपंखी ब्लाऊज घातला होता, दोनेक वर्षांपूर्वीचा. अण्णा चालता चालता थांबले. चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि अक्कांच्या पाठीकडं बघत ओरडले,

"अक्का! हा ब्लाऊज कुठल्या मास्टरनं शिवला? पाठीची शिलाई बघा की, साप गेल्यागत गेलीय! असल्या माणसाला कामावर कोण ठेवतं?"

गिरिजानं माझा हात धरला.

अक्का मागं न वळता म्हणाल्या, "मी ठेवलाय, अण्णा. आणि ही शिलाई उसवायची नाही."