बावीस बाटल्या आणि एक डबा

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर आमच्या आईचा उजवा हात मनगटात मोडला. चर्चच्या पायरीवरून पाय घसरला. हात मोडल्याचं दुःख होतंच, पण देवाच्या दारात मोडला याचा राग त्याहून मोठा. "एवढी वर्षं याच्या दारात येतीये, जरा धरायला काय झालं होतं त्याला?" असं ती भेटायला आलेल्या पाळकसाहेबांना तोंडावर म्हणाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना आवरती घेतली आणि चहा न घेताच निघाले.

डिसेंबर उजाडला तेव्हा प्लास्टर निघालं होतं, पण बोटं काही मिटत नव्हती. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. आई दिवसातून दहा वेळा तो दाबायची आणि दहाही वेळा डॉक्टरांना नावं ठेवायची.

आमचं गाव कोपरगावच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या रस्त्याला. थंडी पडली की दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात आणि हवेत मळीचा वास भरतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला मात्र त्या वासाशिवाय नाताळ जवळ आल्यासारखं वाटत नाही. गल्लीत घरं चोवीस, त्यात ख्रिस्ती आम्हीच. दिवाळीला तेवीस घरांतून आमच्याकडे फराळ येतो आणि नाताळला आमच्याकडून तेवीस घरांत जातो. आई गावच्या बालवाडीत बाई होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांची नाकं तिनं पुसलेली आहेत, त्यामुळे आता मिशा पिकलेले बाप्येसुद्धा तिला बाईच म्हणतात.

फराळ जातो तो स्टीलच्या डब्यांतून. प्रत्येक डब्यावर आईचं नाव कोरलेलं आहे, सौ. लावून, वडिलांच्या नावासकट. वडील जाऊन आठ वर्षं झाली, डब्यांवरची आई अजून सौभाग्यवतीच आहे. नाव कोरून घेण्याची तिला भारी हौस. साधा झारा आणला तरी तो नाव कोरल्याशिवाय कढईत उतरत नाही. लहानपणी मी तिला म्हणायचे, "मी जरा वेळ गप्प बसले तर माझ्यावरसुद्धा कोरून घेशील."

हे डबे परत येताना रिकामे येत नाहीत. आमच्याकडे तशी रीतच आहे. कुणी पेरू घालतं, कुणी सोललेला हरभरा, कुणी हुरडा. घरात काहीच नसेल तर मूठभर साखर तरी डब्यात येतेच. आई एकेक झाकण उघडून बघायची आणि प्रत्येक घराविषयी काहीतरी बोलायची. तिचा खरा नाताळ तेव्हा सुरू व्हायचा.

आता करंजीला मुरड घालायची म्हणजे बोटं लागतात, चकलीचा सोऱ्या पिळायचा म्हणजे मनगट लागतं. मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या करंज्या तेलात पडल्या की तोंड उघडतात आणि मिटायचं नाव घेत नाहीत. भावंडं नाहीत, लग्न मी केलं नाही, म्हणजे घरात आम्ही दोघीच. आई एक दिवस सरळ म्हणाली, "यंदा आपल्या घरातनं काही गेलं नाही, तर पुढं कधीच जायचं नाही. माझा हात गेला म्हणजे या घरातला नाताळ गेला." तिचा आवाज रडवा नव्हता. गॅस संपलाय हे सांगावं तसं तिनं सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

मग मी मोबाईलवर शोधाशोध केली आणि हॉट चॉकलेटची पावडर सापडली. लाटायचं नाही, तळायचं नाही, फक्त मिसळायचं. गरम दुधात दोन चमचे घातले की झालं. आमच्या गल्लीत दुधाला तोटा नाही आणि घरात साखरेला नाही, कारण वडिलांच्या नावावरची कारखान्याची सभासदांची साखर दिवाळीत आलेली होती. कोको आणि दूध पावडर मी कोपरगावातून केकचं सामान मिळतं त्या दुकानातून आणली.

रविवारी उपासनेहून आलो आणि कामाला लागलो. लागलो म्हणजे मी लागले, आई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. साखर मिक्सरला लावली आणि अर्धी हवेत उडाली. माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या, कोको चाळताना त्याच तपकिरी झाल्या. "मैद्याच्या चाळणीनं चाळ. अजून एकदा. गुठळी दिसतीये मला इथनं." कृतीत दालचिनी होती. आई म्हणाली, सुंठ घाल, थंडीचे दिवस आहेत. मी म्हटलं, चॉकलेटमध्ये सुंठ कोण घालतं? ती म्हणाली, मी. सुंठ घातली, थोडं जायफळ घातलं, चिमूटभर मीठ घातलं. कपभर करून बघितलं आणि मान्य करावं लागलं की सुंठीनंच मजा आणली होती. आईनं कप डाव्या हातात धरून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला आणि फक्त "बरंय" म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पहिला नंबर.

भांडण झालं ते बाटल्यांवरून. मी काचेच्या छान बाटल्या आणल्या होत्या, लाल रिबिनी, वर इंग्रजीत शुभेच्छांचं छापील लेबल.

"डबे आहेत की," आई म्हणाली.

"आई, हे गिफ्ट आहे. असं डब्यात देत नाहीत."

"आणि परत कशात येणार?"

"परत कशाला यायला पाहिजे?" मी हसून म्हटलं. समोरच्या काकूंचा वाटा मात्र आईनं डाव्या हातानं स्वतः स्टीलच्या डब्यात भरला, सांडत सांडत. बाकी बावीस बाटल्या मी चोवीस तारखेला संध्याकाळी घरोघर देऊन आले. सगळ्यांनी "अय्या, किती गोड!" केलं. मी खूश.

तीनच दिवसांत काकूंचा डबा हुरडा भरून परत आला. त्यानंतर काहीच आलं नाही. एक तारखेची उपासना झाली, आठवडा गेला, कुणी फिरकलं नाही. आई दुपारभर ओट्यावर बसायची आणि फाटक वाजलं की मान वर करायची. विचारलं तर म्हणायची, ऊन खातीये. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की रबरी चेंडू कपाटाखाली गेलाय आणि तिनं तो काढलेला नाही. डॉक्टरांना नावं ठेवणंही बंद झालं होतं.

मी तडक काकूंकडे गेले. त्या ज्वारी पाखडत होत्या. "काकू, पावडर कुणाला आवडली नाही का?"

"आवडाया उघडली तर पायजे!" काकू सूप थांबवून हसायला लागल्या. "अगं, समद्यांनी शोकेसमदी ठिवल्यात बाटल्या. तुजं ते विंग्रजी लेबल, ती रिबीन. लोकांला वाटलं बाईंचा हात गेला, आता पोरगी दुकानातनं आनून वाटाया लागली. दुकानातल्या बाटलीत माघारी काय घालायचं, सांग बरं? बाटलीवर बाईंचं नाव कुटं हाय?"

"मग तुम्ही कसं केलंत?"

"माज्या डब्यावर हुतं की नाव. मी तुमच्या घरला येऊन बाईंलाच इचारलं, कसं पेयाचं म्हनून."

मी कपाळावर हात मारला. पोरांना प्रयोगाची कृती क्रमवार लिहायला लावणारी मी, बावीस बाटल्यांपैकी एकीवरही कसं करायचं ते लिहिलं नव्हतं. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता मला धुऊन काढणार. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी शाल दे. आणि तो लांब दांड्याचा चमचा घे."

तीन महिन्यांत आई गल्लीत फिरली नव्हती. त्या दुपारी ती घरोघर गेली. पहिल्या घरी बाटली शोकेसमध्ये, क्रिकेटच्या ढालीच्या आणि प्लास्टिकच्या मोराच्या मधोमध बसवलेली. आईनं ती काढायला लावली, रिबीन सोडायला लावली आणि बालवाडीच्या आवाजात म्हणाली, "दूध ठेवा." दुसऱ्या घरी सुनेनं पावडर पाण्यात उकळून नवऱ्याला खोकल्याचा काढा म्हणून पाजली होती आणि त्याला म्हणे उतार पडला होता. तिसऱ्या घरातल्या आजींनी तर कमालच केली. त्यांना वाटलं तंबाखूची मिश्री. दोन दिवस त्यांनी रोज सकाळी आमचं हॉट चॉकलेट दातांना घासलं होतं.

"बाई, बरी हाय मिश्री," त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "पर लईच गोड. आन् चक्कर कशी ती येत न्हाई."

आई भिंतीला धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडात गेला तरी हसणं थांबेना. मग आजींच्या चुलीवर दूध चढलं, आईनं दोन चमचे पावडर घातली आणि ढवळायला लागली. ढवळता ढवळता तिचा डावा हात आजींना बोट दाखवून रागे भरायला मोकळा झाला. चमचा उजव्या हातात होता. बोटं पुरती मिटली नव्हती, पण दांडा धरून होती. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, तिच्या लक्षात आलं असतं तर तिनं लगेच सोडला असता.

संक्रांतीपर्यंत बाविसाच्या बावीस बाटल्या परत आल्या. कुणात तिळगूळ, कुणात शेंगदाणे, एकीत मध. आजींच्या बाटलीत खरी मिश्री होती, बाईंनी लावून बघावी म्हणून. आईनं प्रत्येक झाकण उघडलं आणि प्रत्येक घराविषयी बोलली. चेंडू कपाटाखालून बाहेर आला, डॉक्टरांचा उद्धार पुन्हा सुरू झाला.

मग एका शनिवारी मी शाळेतून आले तर आई आणि काकू भांडी बाजारातून नुकत्याच परतल्या होत्या. ओट्यावर आमचे जुने डबे पोत्यातून काढून मांडलेले. ते घेऊन या दोघी रिक्षानं कोपरगावला कशाला गेल्या असतील, मला कळेना. मी एक डबा उचलला. आईचं नाव होतं तिथंच होतं, सौ. सकट, झिजून पुसट झालेलं. त्याच्या खाली नव्या कोऱ्या चकचकीत अक्षरांत माझं नाव होतं. दुसरा उचलला, त्यावरही होतं. तेवीसच्या तेवीस डब्यांवर होतं.

मी आईकडे बघितलं. ती चेंडू दाबत रस्त्याकडे बघत होती.

"खाली जागा होती," ती म्हणाली.