वदीहच्या गालावरचा डाग

माझ्या हाताखालून गेलेल्या फोटोत तोंडावर डाग राहिलेला दाखवा, दुकान तुमच्या नावावर करते, असं मी पूर्वी छाती ठोकून सांगायची. बैरुतच्या आमच्या बुर्ज हम्मूद मोहल्ल्यात आम्हा आर्मेनियन लोकांची फोटोची दुकानं पैशाला पासरी. पण नवरीच्या तोंडावर देवीचे वण असले की तिची आई तिला घेऊन अराक्सीकडेच, म्हणजे माझ्याकडेच, यायची. निगेटिव्हवर असा पांढुरका वण काळा उमटतो. तो बारीक पात्यानं खरवडायचा. पेन्सिलीनं भरलेलं पुसता येतं, खरवडलेलं मात्र परत येत नाही. हात माझ्या बापाचा, आणि मिजासही त्याचीच.

एइजी कुरामोची माझ्या दुकानात आला तो पाण्यासाठी. यादवी युद्धाचं दुसरं वर्ष होतं. बैरुतमध्ये नळ कोरडे पडलेले आणि आमच्या मागच्या अंगणात विहीर. फिल्म धुवायची म्हणजे पाणी हवंच. दाराशी उभा राहून तोक्योच्या पेपराचा हा जपानी फोटोवाला कमरेत वाकला. मी म्हटलं, "बाबा रे, विहीर मागे आहे, माझ्या पायात नाही."

"माहीत आहे, उस्ताद," तो मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. तेव्हापासून मी त्याची उस्ताद. दोन आठवड्यांसाठी आलेला माणूस अकरा वर्षं राहिला.

बाकीचे बातमीवाले धावत यायचे आणि धावत जायचे. याच्याकडे छातीशी धरायचा जुना कॅमेरा, वरच्या काचेत मान खाली घालून बघावं लागे. त्यामुळे ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी नमस्कार केल्यासारखंच व्हायचं. आणि एका माणसाचे दोन फोटो काढायचा. एक पेपरासाठी आणि एक त्या माणसाच्या घरासाठी. बाराच्या रोलमध्ये सहाच माणसं! तोक्योचे साहेब कपाळाला हात लावायचे. हा मात्र घरचे फोटो पाकिटात घालून, पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून, गल्लोगल्ली माणसं शोधत फिरायचा. कुठे गोळ्या चालल्यात याची त्याला फिकीर नसे.

एकदा मी चिडून म्हटलं, "मरशील एखाद्या पाकिटापायी. कोण सांगतं तुला हे?"

कॉफीत साखर ढवळत तो म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा आमचं शहर जळालं. घर गेलं, आई गेली, आईचे फोटोही गेले. आता चेहरा आठवत नाही, उस्ताद. फक्त हात आठवतात."

मी त्याच्यापुढे आणखी एक पोळी सरकवली.

त्या वसंतात उम्म वदीहचा, म्हणजे ‘वदीहची आई’ याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या, बेकरीत पोळ्या लाटणाऱ्या माझ्या शेजारणीचा, मुलगा वदीह सायकलवरून पाव पोचवायला गेला तो परतलाच नाही. तीन आठवडे ती माउली पलीकडच्या बंदूकवाल्या गटाच्या चौकीचौकीवर जाऊन आली. "असा कुणी आमच्याकडे नाही," एवढंच उत्तर. आणि एका सोमवारी एइजीचा रोल धुताना मला वदीह दिसला. ट्रकच्या मागे बसवलेला, हात बांधलेले, शेजारी बंदूक घेऊन त्यांचाच माणूस. मी किंचाळलेच. पोरगा जिवंत होता!

"पेपराचा रोल आज जातो," एइजी म्हणाला. "घरच्या फोटोचं निगेटिव्ह कापून ठेवा, छापा आणि आईला द्या. शनिवारी कैद्यांची अदलाबदल आहे. यादीत नाव लागलं पाहिजे." एवढं सांगून तो कुठेतरी डोंगरावर गेला.

आता माझी अक्कल ऐका. वदीहच्या डाव्या गालावर भट्टीच्या तापल्या पत्र्याचा मोठा डाग. दहा वर्षांचा असताना भाजला होता. शाळेच्या ओळखपत्रापासून त्याचा प्रत्येक फोटो मीच केलेला, आणि प्रत्येक वेळी तो डाग काढलेला. पहिल्यांदा काढला तेव्हा उम्म वदीहनं माझा हात डोळ्यांना लावला होता. जित्याची खोड! मनात म्हटलं, आईनं पोराला बांधलेला बघायचा आहेच, निदान गाल तरी साफ बघू दे. पातं घेतलं आणि दहा मिनिटांत डाग नाहीसा केला. काम इतकं सुंदर झालं की स्वतःवरच खूष झाले.

गुरुवारी उम्म वदीह फोटो घेऊन त्यांच्या छावणीत गेली. तिथे मदत संस्थेचा कारकून यादी करत बसला होता. त्यानं तिनं आधीच दिलेला अर्ज काढला. ओळखीची खूण, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. गटाचा नायक फोटोकडे बघून हसला. "कुठे आहे डाग? हा दुसराच कुणीतरी. म्हातारे, जा घरी."

ती माझ्याकडे आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "अराक्सी, त्याचा डाग कुठे गं गेला?"

 निगेटिव्ह घेऊन मी तशीच छावणीत गेले, सगळं कबूल केलं. नायक म्हणाला, "आज म्हणतेस खोडला, उद्या म्हणशील रंगवला. तुझ्या हातावर भरवसा कुणी ठेवायचा?" आयुष्यभर ज्या हातांची मिजास केली त्यांवर माणूस थुंकला, आणि त्याचं खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी एइजी आला. मी रडत रडत सांगितलं. वाटलं, आता हा ओरडेल. निगेटिव्हला बोट लावायचं नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानं खरवडलेलं निगेटिव्ह निरखून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही प्रेमानं केलंत. पण चुकलात." आणि टोपी उचलून निघाला. "पेपराचा रोल जुनियेच्या बंदरात असेल. बोट रात्री सुटते."

"अरे, पण तुझ्या पेपराचं काय?"

"दुसरा रोल आहे," तो दारातून म्हणाला.

शुक्रवारी सकाळी रोल माझ्या हातात होता. पातं मी कुलपात ठेवलं. मोठ्यात मोठ्या कागदावर फोटो छापला. डाग, धूळ, सुजलेला ओठ, सगळं जसंच्या तसं. आम्ही तिघं छावणीत गेलो. कारकुनानं निगेटिव्ह उजेडात धरलं, फोटोशी ताडून पाहिलं आणि नायकाला न विचारताच नाव लिहून टाकलं.  फोटोत ट्रकपाशी त्याचाच माणूस उभा होता, नाही कसं म्हणणार?

शनिवारी दुपारी पुलावर वदीह चालत आला. उम्म वदीहनं पहिल्यांदा चाचपला तो त्याचा डावा गाल.

एइजीचं कार्यालयाशी त्यानंतर फारसं जमेना. मी विचारलं की म्हणायचा, "साहेब बदललेत." पुढे तो छोट्यामोठ्या मासिकांना फोटो पाठवायचा, आणि कमी पडलं की माझ्याकडे बारशाचे फोटो काढायचा. रडक्या पोरांपुढे वाकून वाकून त्याची कंबर गेली. मग मायदेशी परतला.

मागच्या वर्षी त्याच्या बहिणीचं पार्सल आलं. एइजी गेला होता. आत तोच बिस्किटांचा डबा, माणसं न सापडलेली सतरा पाकिटं, आणि एक तार. तिनं पत्रात तारेचा अर्थ लिहिला होता. 'रोल रविवारपर्यंत आला नाही तर नोकरी संपली समजा.' तारीख त्याच आठवड्याची. दुसरा रोल नव्हताच.

मी डबा मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा वदीह नेहमीसारखा गरम पाव घेऊन आला. आता बेकरी त्याची आहे, केस पिकलेत, नातवंडं आहेत. मी त्याला तार दाखवली, सांगितलं. त्यानं पाव खाली ठेवले.

"काकी, मला कधी बोलला नाही गं. मी त्याला पावसुद्धा विकत देत होतो."

"मी तरी काय दिलं? विहिरीचं पाणी." मी डब्याचं झाकण लावलं. "देवा, त्या माणसाचं भलं कर, जिथे असेल तिथे."

वदीहनं डोळे पुसले, खिडकीपाशी स्टूल ओढलं आणि डावा गाल उजेडाकडे करून बसला. "माझा फोटो काढ. त्याच्या बहिणीला पाठव. आणि पात्याला हात लावशील तर बघ."

"गप रे मेल्या, हलू नकोस," मी म्हटलं. जाताना एइजीनं मला दिलेला कॅमेरा कपाटातून काढला, छातीशी धरला. गुडघे कुरकुरले. काचेत बघायला मी मान खाली घातली आणि थोडा वेळ तशीच राहिले.

मग दोन फोटो काढले.