सावंतांच्या उंबऱ्याबाहेर

दसऱ्याच्या संध्याकाळी समोरच्या सावंतांचं दार उघडं होतं आणि आत ते नवा सदरा घालून एकटेच बसले होते. सावंत आमच्या सहकारी बँकेचे शाखाधिकारी. एरवी या दिवशी आपट्याची पानं द्यायला गल्ली लोटते, दारात चपलांचा ढीग पडतो. यंदा बँकेवर निर्बंध आले, सगळ्यांच्या ठेवी अडकल्या, आणि उंबऱ्याबाहेर एकही चप्पल नव्हती.

खिडकीतून बघताना वाटलं, वाटेल तशी कर्जं दिली संचालकांनी. त्यांचा खटला वर्षानुवर्षं चालेल. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचा निकाल मात्र गल्लीने केव्हाच लावून टाकला. माझीही पानं अजून टेबलावरच होती.

तेवढ्यात शेजारच्या जोशीकाकू काठी टेकत त्यांच्याकडे निघाल्या. काकूंचीही ठेव अडकलेली. परवाच त्यांनी शाखेत सगळ्यांदेखत सावंतांना फैलावर घेतलं होतं. सावंत गडबडीने उठले, पाया पडले. काकूंनी त्यांच्या हातावर पानं ठेवली.

"सोनं घ्या, सावंत. ठेवीचं उद्या बँकेत येऊन भांडते."

मी टेबलावरची पानं उचलली आणि निघालो. काकूंच्या चपलांशेजारी जागा भरपूर होती.