प्लेटवर काढलेलं गाव

इथं आखातात, करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली कुणी खिडकीची जाळी कापायला घेतली, की जळक्या लोखंडाचा वास वर येतो आणि मी पूर्वी कामाला होतो ते मुसफ्फाचं वर्कशॉप आठवतं. तिथं मशीन बसवायला फिनलंडहून एक म्हातारा फिटर आला होता. चहाला बसल्यावर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला गाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं. फोरमननं फोनवर शोधलं, तर शेजारच्या शहराचं नाव आलं. "चाचा, तुम्हारा गाँव तो खलास!" म्हणून फोन त्याच्यापुढं धरून फोरमन हसला. म्हातारा लालबुंद झाला. खडू घेतला आणि कापायच्या प्लेटवरच त्यानं तळं काढलं, लाकडी चर्च काढलं, त्याचा आजा जिथं गावचा कारभारी होता ती कचेरी काढली. कचेरी सरकारनं शहरात नेली म्हणाला, माणसं गावातच आहेत. फोरमन ओरडला, "यल्ला, जल्दी प्लेट काटो!" गॅस कटर माझ्या हातात होता. मी म्हटलं, "दूसरी दो. इसपे गाँव है." "साब को क्या बोलूँ?" "बोल, बुड्ढा नहीं मानता." शेवटी त्यानं पाय आपटत दुसरी प्लेट आणवली. आता आमचंही गाव पुणे महापालिकेत घातलंय. कुणी गाव विचारलं की नात म्हणते, "आबा, जस्ट से पुणे." मी नाही म्हणत.